नदीपलीकडची एकादशी

टेक्ससमधल्या फ्रिस्कोतल्या मराठी घरांतून गेले वर्षभर एक गोष्ट फिरते आहे. तिच्यात एक हट्टी निवृत्त इंजिनियर आहे, त्याची भाबडी बायको आहे, मेक्सिकोच्या सरहद्दीवरचे एक गलिच्छ गाव आहे आणि एकादशीच्या दिवशी डुकराच्या चरबीत परतलेले बटाटे आहेत. सांगणारा बदलला की गोष्टही बदलते. एका आवृत्तीत बायको चक्कर येऊन रस्त्यात पडते. दुसरीत इंजिनियर पोलिसांशी भांडतो. जर्सी सिटीच्या एका स्नेह्यांनी तर ती मलाच, तिसऱ्या कोणाची तरी म्हणून, फोनवर रंगवून ऐकवली आणि त्यांच्या आवृत्तीत बटाट्यांच्या जागी चक्क सॉसेज होते.

तो इंजिनियर मी. ती बायको माझी, आणि ती भाबडी नाही. गाव गलिच्छ नव्हते. बटाट्यांचे काय झाले ते मी क्रमाने सांगणार आहे, कारण त्या दिवशी तिथे आम्ही तिघे होतो. त्यांतल्या एकाने गोष्ट पसरवली, एकीने ती विसरून जा म्हणून सांगितले, आणि उरलो मी. परवा हीच म्हणाली, "लिहा एकदाचं. म्हणजे घरात बोलायचं तरी थांबाल."

पसरवणारा तो माझा मित्र. निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. आम्ही दोघे साधारण एकाच सुमारास या देशात आलो, एकाच उपनगरात घरे घेतली, आणि तेव्हापासून एकमेकांचे म्हणणे खोडून काढण्यात आमची तब्येत टिकून आहे. तो मला इंजिनियर म्हणतो, मी त्याला डॉक्टर म्हणतो. नावांची गरज आम्हांला उरलेली नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्या दाढेवर टोपण बसवायची वेळ आली. आयुष्यभर ज्याने टेक्ससच्या रुग्णांना इथल्या वैद्यकाची महती सांगितली, त्याने आपली दाढ मात्र नदीपलीकडे मेक्सिकोत नेऊन करून घ्यायचे ठरवले, कारण तिथे तेच काम पुष्कळ स्वस्तात होते आणि, त्याच्याच शब्दांत, दाढेला देशाभिमान नसतो. त्याची पत्नी तेव्हा सांता क्लाराला मुलीकडे होती. तो एकटाच जाणार म्हणताच मी सोबत निघालो. मी जन्मभर पूल बांधले. दोन देशांना जोडणारा पायी ओलांडायचा पूल मला पाहायचा होता. आणि मी जाणार म्हणून ही निघाली.

आता एकादशीविषयी सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे सारे पोरकट वाटेल. आमची मुलगी शाळेत जायच्या आधीच्या वर्षी तापाने फणफणली होती. ताप हटेना, कारण सापडेना, आणि एका सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरांनी आमच्या नजरेला नजर देणे टाळले. त्या दिवशी हिने एकादशी धरली. जन्मभरासाठी, मुलीच्या जिवासाठी. मुलगी बरी झाली, वाढली, आज दोन मुलांची आई आहे. त्यानंतर हिची एकही एकादशी चुकलेली नाही. विमानात नाही, स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळी नाही, मुलीच्या लग्नाच्या मांडवातही नाही. माझा देवाशी फारसा परिचय नाही. परंतु या एका बाबतीत मी घरात कधी शब्द काढलेला नाही. ताप औषधाने उतरला की उपासाने, हे गणित सोडवून पाहायची माझी छाती नाही.

आम्ही गुरुवारी निघालो, सीमेअलीकडच्या गावात मोटेलात राहिलो. शुक्रवारी एकादशी होती. हिने सकाळी मोटेलच्या छोट्या शेगडीवर साबुदाण्याची खिचडी करून डब्यात भरली. गाडी अलीकडच्या तळावर ठेवून आम्ही पुलाकडे निघालो, तेव्हा डॉक्टरने हिच्या हातातला डबा पाहिला.

"वहिनी, तो राहू द्या गाडीत. सीमेवर अन्न नेलं की उघडून बघत बसतात. दुपारच्या आत परत येतोय आपण."

हिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ने की, कोण काय करतंय. पण डॉक्टर हा डॉक्टर असल्यामुळे त्याचे म्हणणे लोक ऐकतात, अन्नाच्या आणि सीमेच्या बाबतीतही. डबा गाडीत राहिला. पसरलेल्या गोष्टीत या डब्याचा उल्लेख कुठेही नाही, तो का नाही हे वाचकांनीच ठरवावे.

त्या शहराचे नाव मी देत नाही. दिले तर आमच्या मराठी मंडळातली मंडळी लगेच फोनवर त्याला लोकांनी किती तारे दिलेत ते पाहतील आणि मला ऐकवतील. निघण्यापूर्वीच पुरेसे ऐकवले होते. आमच्या गल्लीतला एक पुण्याचा तरुण म्हणाला होता, "काका, सेफ नाहीये ते. यूट्यूबवर बघा ना, यार." मी त्याला विचारले की तू गेला आहेस का. तो मेक्सिकोतल्या कॅनकूनला गेला होता, विमानाने, आणि हॉटेलच्या आवारातून बाहेर पडला नव्हता. सरहद्दीवर वाईट गोष्टी घडतात हे मला ठाऊक आहे. वर्तमानपत्र मीही वाचतो. पण एखाद्या गावाविषयी बोलताना तिथे पाय ठेवलेल्या माणसाला आधी बोलू द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

पूल साधा होता. तुळयांवर काँक्रीटची पाटी, दोन्ही बाजूंना जाळी, आणि मध्यावर दोन देशांची हद्द सांगणारा धातूचा फलक. खाली नदी. नकाशावर जिने एवढे राजकारण केले ती नदी त्या जागी इतकी शांत आणि अरुंद होती की पलीकडच्या काठावर कपडे वाळत घातलेली बाई आम्हांला स्पष्ट दिसत होती. ती नदीला तिच्या देशातल्या नावाने हाक मारते, आम्ही आमच्या, पाणी एकच. सांधे उत्तम राखलेले होते, पाणी वाहून जाण्याची सोय नीट होती. पूल कोणत्या बाजूच्या लोकांनी जास्त मायेने सांभाळला आहे हे पुलावरून कळते, आणि मी सांगतो, पलीकडच्या अर्ध्यावर गंज कमी होता.

उतरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही: सकाळची वेळ, दुकाने उघडत होती, आणि प्रत्येक दुकानदार आपल्या दारापुढचा फुटपाथ झाडून त्यावर बादलीने पाणी मारत होता. सडाच तो. ही थबकली. अमेरिकेत इतकी वर्षे राहून सकाळी ओल्या झालेल्या धुळीचा वास आम्हांला आला नव्हता. पुढे दातांच्या दवाखान्यांची रांग, चष्म्यांची दुकाने, औषधांची दुकाने. हे सारे अमेरिकन म्हाताऱ्यांसाठी. पण एक गल्ली ओलांडली की शहर स्वतःसाठी जगत होते. मध्ये चौक, चौकात बँडवाल्यांसाठी बांधलेला अष्टकोनी ओटा, भोवती लोखंडी बाके, त्यांवर वर्तमानपत्र वाचणारे माझ्या वयाचे लोक. त्यांच्या पायांतले बूट चकाकत होते. फ्रिस्कोत माझ्या वयाचा माणूस सकाळी घराबाहेर बसलेला दिसला तर शेजारी काळजीने विचारतात की सगळे ठीक आहे ना. इथे एकाने बाकावर सरकून मला जागा करून दिली आणि पुन्हा वाचू लागला. इतका सहज मान मला पुष्कळ दिवसांत मिळाला नव्हता.

डॉक्टरला दवाखान्यात सोडून आम्ही हे सारे पाहत हिंडलो. दुपार झाली तरी त्याचे काम संपेना. दाढेखाली काही निघाले होते, ते आधी निस्तरायला हवे होते. हिला मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतलेली, पोटात दूध आणि एक केळे. दोनच्या सुमारास हिचे बोलणे कमी झाले आणि कपाळावर घाम दिसू लागला. डबा पुलापलीकडे होता आणि पुलावर परतणाऱ्यांची रांग लांब होती. चक्कर येऊन कोणीही रस्त्यात पडले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. ही स्वतःच्या पायांनी चालत बाजाराला लागून असलेल्या एका खाणावळीत गेली आणि खुर्चीवर बसली.

खाणावळीची मालकीण साठीची असेल. रुंद, करड्या वेण्यांची, मोठ्या आवाजाची. काही वर्षे टेक्ससातल्या सॅन अँटोनियोत राहिल्यामुळे तिचे इंग्रजी कामापुरते चांगले होते. तिने आधी हिच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला दिला आणि मग मला विचारले की काय झाले. मी सांगितले की आज हिचा धार्मिक उपास आहे. मांस नाही, मासा नाही, अंडे नाही, धान्य नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही.

"मग ती जेवते तरी काय?" तिने विचारले.

"बटाटा, शेंगदाणे, मिरची, जिरे, मीठ."

"हा उपास आहे की माझ्या आईचं जेवण?" असे म्हणून ती हसली, आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मी तिला काय करायचे ते सांगितले आणि तिने केले. उकडलेले बटाटे होतेच. तिने ते हातानेच फोडले. शेंगदाणे तव्यावर भाजून दगडी खलात कुटले. जिऱ्याचा डबा माझ्या नाकाखाली धरून हेच ना म्हणून खात्री केली. इथे आमच्या मंडळातल्या एका प्राध्यापकांना उत्तर देऊन टाकतो. ते म्हणाले होते, "मेक्सिकोत काकूंना उपासाचं काय मिळणार?" महाशय, बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळे आणि ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सर्व त्याच अमेरिका खंडांतून जहाजांनी आपल्याकडे आले. आपल्या फराळाच्या ताटातले निम्मे जिन्नस माहेरी परत जाऊन बसले तर आपल्या एकादशीला दूध आणि केळे एवढेच उरेल. हिला तिथे उपासाचे मिळाले नसते तर कुठे मिळाले असते?

एक गोष्ट मात्र मी पाहिली नाही. बटाटे तव्यात पडण्यापूर्वी तव्यात काय पडले ते. त्या क्षणी मी तिच्या चुलीवरच्या धुराड्याकडे पाहत होतो, कारण त्याचे बांधकाम फार हुशारीचे होते. तेल घाल की काय घाल, हे सांगायचे मला सुचले नाही, हिलाही सुचले नाही. आपल्याकडे उपासाचे बटाटे म्हटले की तूप किंवा तेल; तिसरे काही असू शकते हे आपल्या डोक्यात येत नाही. कांदा-लसणाची एवढी लांब यादी सांगितली आणि फोडणीचे विसरलो. ही चूक फक्त आपले लोकच करू शकतात.

बटाटे आले. ही जेवली. चेहऱ्यावर रंग परतला. शेवटी शेवटी डॉक्टर गालावर हात धरून, अर्धे तोंड बधिर झालेला असा आला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि सवयीप्रमाणे इकडे तिकडे पाहत राहिला. काही खाल्ले नाही, काही बोलला नाही. तात्पुरते टोपण बसवले होते. कायमचे बसवायला पंधरवड्याने, पुन्हा शुक्रवारीच, यायचे होते.

तो बोलला पुढच्या आठवड्यात. मंडळाच्या ज्येष्ठांची बैठक आमच्या घरी होती. तरुणही चारदोन येऊन बसले होते. डॉक्टरने मेक्सिकोचे वर्णन सुरू केले, लोक हसू लागले, आणि हसणारे समोर असले की त्याच्या जिभेला उतार लागतो. खाणावळीच्या फळीवर त्याने डुकराच्या चरबीचा डबा पाहिला होता. तिकडे सगळे त्यातच शिजते, असे त्याने सांगितले, आणि मग म्हणाला, "वहिनींची एकादशी पावली हे नक्की. कुणाला पावली, ते त्या डुकराला विचारा."

ही तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एका मुलाचे लक्ष गेले आणि तो घाईने म्हणाला, "काकू, चिल. देवाला इंटेन्शन कळतं." हिने ट्रे ठेवला, सगळ्यांना चहा दिला, डॉक्टरलाही दिला, साखर दोन चमचे, त्याला लागते तशी. लोक गेल्यावर मला म्हणाली की पुढच्या शनिवारची एकादशी मी धरणार नाही.

मी विचारले, का.

"मोडलेलं पुढे चालवायचं नसतं."

मी तिला सांगितले की काही मोडलेले नाही, डॉक्टरला काय कळते, डबा पाहणे वेगळे आणि डब्यातले तव्यात पाहणे वेगळे. तिने ऐकून घेतले. पण त्या संध्याकाळपासून ती मुलीला फोन करू लागली. आधी रोज एकदा, मग सकाळ-संध्याकाळ. जेवलीस का, झोपलीस का, अंगात कणकण नाही ना. शेवटी मुलीचा मला फोन आला. "बाबा, व्हॉट्स गोइंग ऑन? आई मला टेंपरेचर चेक करायला सांगते. आय अ‍ॅम फॉर्टी-फोर." मी तिला काय सांगणार? पत्नीचे भय मला कळत होते.

मी डॉक्टरकडे गेलो. भांडायलाच गेलो.

"डबा कुठे होता?"

"फळीवर. मांतेका लिहिलेलं होतं, म्हणजे चरबी. एवढं स्पॅनिश मला कळतं."

"फळीवर होता. चुलीपाशी नव्हता."

"मग लोक काय शोभेला ठेवतात?"

"तू छातीला कान न लावता निदान करायचास?"

"माणसाचं पोट बघून निम्मं कळायचं," तो म्हणाला, आणि मग, "वहिनी खरंच एवढं मनाला लावून घेतील असं वाटलं नाही रे." पण आपले म्हणणे त्याने मागे घेतले नाही. मीही त्याच्या घरचा चहा घेतला नाही.

पंधरवडा भरला. त्याला टोपणासाठी जायचे होते. मी जाणारच होतो. मला त्या मालकिणीला विचारायचे होते. ही प्रथम येणार नव्हती. मग म्हणाली की तुम्ही दोघे भांडत गाडी चालवाल आणि कुठेतरी आपटाल, म्हणून येते. पण गाडीत बसण्यापूर्वी तिने मला बाजूला घेतले.

"तिथे काही विचारायचं नाही."

"का नाही? विचारलं की संपलं."

"तुम्हाला डॉक्टरांना हरवायचंय. मला काय हवंय ते वेगळं आहे. आत्ता निदान 'बहुतेक नसेल' एवढं तरी माझ्याकडे आहे. तुम्ही विचाराल आणि तेही जाईल. शपथ घ्या."

मी शपथ मानत नाही, पण शब्द दिला. वादात मी कोणाला हार गेलेलो नाही. त्या दिवशी मात्र गेलो, कारण ती बरोबर होती.

पुन्हा शुक्रवार. पुन्हा तो पूल, त्या ओल्या फुटपाथांचा वास, तो चौक. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, एकादशी होती आणि हिने घरून साबुदाणा घेतला नव्हता, हे मी पाहिले होते. डॉक्टरचे काम या वेळी लवकर झाले. टोपण चोख बसले होते. तो आरशात पाहून इतका खूश झाला की त्याला भूक लागली, आणि तो सरळ त्या खाणावळीत शिरला. आम्ही मागोमाग. मालकिणीने आम्हांला ओळखले, हिच्या दोन्ही खांद्यांना धरून हलवले आणि बसवले. मी तोंडाला कुलूप घातले. स्वयंपाकघराच्या दारातून ती फळी मला दिसत होती. मी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली.

डॉक्टरने मऊ काही तरी हवे म्हणून डुकराच्या मांसाचे तमाल मागितले. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेला तो पदार्थ त्याला टेक्ससात राहून चांगलाच माहीत होता.

मालकीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज? शुक्रवारी? ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस चालू आहेत, दोक्तोर. माझ्या खाणावळीत? माझी आई थडग्यातून उठून येईल आणि तुम्हाला नाही, मला मारेल."

डॉक्टर म्हणाला की निदान चरबीत परतलेले घेवड्याचे दाणे तरी दे.

"चरबी?" तिने स्वयंपाकघराकडे बोट केले. "तो डबा राखेच्या बुधवारी, हे उपास सुरू झाले तेव्हा, मी स्वतः बांधून वर ठेवला. ईस्टरच्या सकाळी उघडेन. तोवर तेल. लोक कुरकुरतात, म्हणतात चव नाही. मी सांगते, चव हवी तर पुढच्या गल्लीत जा."

मी वळून पाहिले. फळीवर डबा होता आणि त्याच्या तोंडाला पांढरे कापड दोरीने करकचून बांधलेले होते. मी डॉक्टरला मराठीत विचारले की गेल्या वेळी कापड दिसले नव्हते काय. तो म्हणाला, "दिसलं होतं. मला वाटलं माश्या बसू नयेत म्हणून."

मी दिलेला शब्द अजून पाळत होतो. विचारले ते हिने. हिचे इंग्रजी उत्तम आहे, पण त्या क्षणी ती एकेक शब्द जपून ठेवत होती. "मी आले होते त्या दिवशीही? दोन आठवड्यांपूर्वी?"

मालकीण तिच्यासमोरच्या खुर्चीत बसली. "बटाटेवाली बाई, तुम्ही मला नीट आठवता. शेंगदाण्याचं तेल घातलं. मला वाटलं, ही माझ्यासारखीच आहे, हिचाही आज कडक दिवस आहे. मी पण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तुम्ही जेवलात तेव्हा मला फार बरं वाटलं."

हिने मालकिणीचा हात टेबलावर होता तिथेच आपल्या हाताखाली घेतला आणि दोघी तशा बसून राहिल्या. मालकिणीने ते व्रत कोणासाठी किंवा कशासाठी धरले आहे ते सांगितले नाही. हिने विचारलेही नाही. आपलेही सांगितले नाही. उपास करणारे फक्त आपणच, बाकीचे सगळे खात सुटलेले आहेत, असे आम्ही तिघांनी न बोलता धरून ठेवले होते. मीही धरले होते, आणि मी तर उपास करतच नाही.

मग मालकिणीने आम्हांला त्या दिवसांतच करतात तो एक गोड पदार्थ खाऊ घातला: शिळा पाव, गुळाचा पाक, मनुका, शेंगदाणे आणि वर चीज. चीज आणि गूळ एकत्र, ऐकून मी नाक मुरडले होते. दोन वेळा मागून घेतला. हिने मधुमेहामुळे एकच चमचा घेतला, पण तो फार सावकाश खाल्ला.

डॉक्टरची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पुढच्या बैठकीत त्याने सर्वांसमोर आपली चूक सांगितली, कापडासकट. पण लोकांना डुक्कर आवडले होते, कापड आवडले नाही. दुरुस्ती दाराबाहेर गेलीच नाही आणि मूळ गोष्ट जर्सी सिटीपर्यंत पोहोचली. म्हणून हे लिहिणे.

त्या दिवशी खाणावळीतून निघताना ही मला काही न सांगता बाजारात शिरली. एका म्हाताऱ्या फेरीवाल्याच्या टोपलीत चौकोनी वड्या होत्या. हिने एक उचलून उजेडात धरली आणि मला दाखवली. राजगिरा. मधात घट्ट बसवलेला राजगिरा, वर शेंगदाणे. तिकडच्या भाषेत त्या वडीच्या नावाचा अर्थ आनंद असा होतो, हे फेरीवाल्याने मोडक्या इंग्रजीत समजावले. हिने पिशवी भरून वड्या घेतल्या, भाजलेले शेंगदाणे घेतले, आणि मोटेलपाशी बटाटे कुठे मिळतील असे मला विचारले. मी म्हटले, मिळतील. मोठ्या दुकानात मिळतील. नाही मिळाले तर मी शेतात जाऊन खणून आणीन.

पुलावर परतणाऱ्यांची रांग होती. आम्ही तिघे जाळीला टेकून उभे होतो. डॉक्टर म्हणाला, "वहिनी, माझी चूक झाली."

"झाली," ही म्हणाली. "त्या दंतवैद्यानं दाढ बधिर केली, जीभ तेवढी राहिली."

डॉक्टर हसला, आणि हिने पिशवीतून एक वडी काढून त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला की आज कडक काही चावायची बंदी आहे.

"आज कोण सांगतंय? ठेवा खिशात, उद्या खा. उद्या एकादशी आहे."

डॉक्टरने वडी कागदात गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि रांग पुढे सरकली तसा आमच्याबरोबर चालू लागला. उद्या काय काय चालत नाही, हे तो हिला विचारत होता.